गोळी न झाडता वेगळं कसं व्हायचं : नॉर्वेचं १९०५ साल

३,६८,२०८ विरुद्ध १८४. असा निकाल दिसला की आपल्याला पहिली शंका येते ती मतपेट्यांची. कुठल्याशा हुकूमशहाला ९९ टक्के मतं पडली की आपण हसून पान उलटतो, तसंच इथंही करावंसं वाटतं. पण नॉर्वेत १३ ऑगस्ट १९०५ च्या रविवारी झालेलं हे मतदान खरंखुरं होतं. ज्या देशापासून फारकत घ्यायची होती त्या स्वीडननेसुद्धा हा निकाल मान्य केला. दर दोन हजार 'हो'मागे एक 'नाही' असं ते प्रमाण पडतं.

आणखी एक गंमत. मतदारांना 'वेगळं व्हायचं का?' असं विचारलंच नव्हतं. 'जी फारकत झालेली आहे ती तुम्हाला मान्य आहे का?' असा प्रश्न होता. म्हणजे काम आधी उरकलेलं, संमती मागाहून. ते काम नॉर्वेच्या संसदेने दोन महिन्यांपूर्वीच केलं होतं, आणि तेही एका लांबलचक ठरावाच्या एका पोटवाक्यात. ते वाक्य तसं का लिहिलं गेलं हे कळलं की त्या वर्षाचं सगळं राजकारण उलगडतं. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

नॉर्वे चारशेहून अधिक वर्षं डेन्मार्कच्या राजाखाली होता. नेपोलियनच्या युद्धात डेन्मार्क हरणाऱ्या बाजूला राहिला आणि जानेवारी १८१४ मध्ये कीलच्या तहात नॉर्वे स्वीडनच्या राजाला देऊन टाकावा लागला. नॉर्वेच्या लोकांना कोणी विचारलं नाही. त्यांनी मग आइड्सव्होल या गावी ११२ प्रतिनिधी जमवले, १७ मे रोजी स्वतःची राज्यघटना लिहिली आणि एका डॅनिश राजपुत्राला राजा म्हणून निवडलं. स्वीडनने उन्हाळ्यात सैन्य घुसवलं. लढाई थोडक्यात आटोपली आणि तडजोड झाली: घटना तुमची तुम्ही ठेवा, राजा मात्र आमचा. १७ मे हा आजही नॉर्वेचा राष्ट्रीय दिवस आहे.

त्यामुळे १८१४ नंतर जे तयार झालं ते 'स्वीडनच्या ताब्यातला नॉर्वे' असं नव्हतं, आणि दोघांचा मिळून एक देशही नव्हता. संसद वेगळी, कायदे वेगळे, सैन्य वेगळं, तिजोरी वेगळी. सामाईक गोष्टी दोनच: राजा आणि परराष्ट्र व्यवहार. पैकी परराष्ट्रमंत्री स्वीडिश असायचा. चूल वेगळी, शेत वेगळं, पण बाहेरच्या कुठल्याही कागदावर सही थोरल्या भावाचीच, असा तो संसार होता. धाकटा लहान असेपर्यंत असं घर चालतं.

धाकटा मोठा झाला तो समुद्रावर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्वेचं व्यापारी जहाजांचं दळ जगातल्या सर्वांत मोठ्या दळांपैकी एक होतं. स्वीडनच्या कितीतरी पुढे. लोकसंख्या मात्र नॉर्वेची सुमारे २३ लाख, तर स्वीडनची त्याच्या दुपटीहून अधिक. आता कल्पना करा, परक्या बंदरात नॉर्वेचं जहाज लागलंय. एखादा खलाशी तापाने फणफणलाय, दुसरा पगारावरून कप्तानाशी भांडून पळालाय, मालाच्या कागदांवर शिक्का हवाय. ही सगळी कामं वाणिज्यदूताची, म्हणजे कॉन्सुलची. कॉन्सुल दोन्ही देशांसाठी एकच आणि तो स्टॉकहोमच्या परराष्ट्र खात्याला बांधलेला. काम बहुतेक नॉर्वेच्या जहाजांचं, हुकूम स्वीडनचा. त्यात १८८८ पासून स्वीडनने आयातीवर जकाती चढवायला सुरुवात केली, तर नॉर्वेला खुला व्यापार हवा. दोघांचे स्वार्थच निराळे झाले, तेव्हा एका माणसाने दोघांचं भलं पाहावं कसं?

म्हणून नॉर्वेची मागणी अगदी किरकोळ वाटावी अशी होती: आमचे कॉन्सुल आम्ही नेमू. स्वातंत्र्य नको, वेगळा राजा नको, फक्त कॉन्सुल द्या. शाळेच्या पुस्तकात एवढंच वाचलं तर वाटतं, या कारकुनी भांडणापायी देश मोडतात होय? पण स्टॉकहोमला पुढचं दिसत होतं. कॉन्सुल वेगळे झाले की उद्या परराष्ट्रमंत्री वेगळा मागतील, आणि तो झाला की सामाईक काय उरलं? एक म्हातारा राजा. स्वीडनची भीती खोटी नव्हती, हे मान्य करायला हवं.

त्यातच १८८४ मध्ये नॉर्वेत एक मोठा बदल झाला होता. मंत्रिमंडळ राजाच्या मर्जीवर न चालता संसदेच्या, म्हणजे स्टोर्टिंगच्या, बहुमतावर चालायला लागलं. राजाने नेमलेले पण स्टोर्टिंगला नको असलेले मंत्री टिकेनासे झाले. ही गोष्ट पुढे निर्णायक ठरते, लक्षात ठेवा.

१८९५ मध्ये नॉर्वेने कॉन्सुलचा प्रश्न ताणून धरला. स्वीडनने युद्धाची भाषा केली आणि नॉर्वेकडे लढण्याजोगं काहीही नसल्याने स्टोर्टिंगला निमूटपणे माघार घ्यावी लागली. हा अपमान लोकांना फार झोंबला. पुढच्या दहा वर्षांत त्यांनी इंग्लंडमधून चार चिलखती युद्धनौका आणल्या आणि सरहद्दीवर नवे किल्ले बांधले. १८९८ मध्ये सगळ्या प्रौढ पुरुषांना मताधिकार दिला. झेंड्याच्या कोपऱ्यात दोन्ही देशांचे रंग मिसळलेलं जोडचिन्ह असायचं, त्याला लोक 'हेरिंगची कोशिंबीर' म्हणून हिणवत. हेरिंग म्हणजे तिकडचा रोजच्या जेवणातला मासा. व्यापारी जहाजांच्या झेंड्यावरून ती कोशिंबीर १८९९ पर्यंत हटवली गेली.

१९०५ उजाडलं तेच वाईट बातमीने. १५ जानेवारीच्या रात्री पश्चिम किनाऱ्यावरच्या लोएन खोऱ्यात राम्नेफ्येल डोंगराचा एक कडा सुटून खालच्या सरोवरात कोसळला. पाण्याची जी भिंत उठली ती काही ठिकाणी चाळीस मीटर उंच होती. काठावरची दोन वस्त्यांतली घरं झोपलेल्या माणसांसकट वाहून गेली. ६१ माणसं मेली. सरोवरात फिरणारी आगबोट काठापासून कितीतरी आत जमिनीवर जाऊन पडली. वाचलेल्यांनी तिथेच पुन्हा घरं उभी केली, आणि १९३६ मध्ये त्याच डोंगराने पुन्हा तेच केलं. तेव्हा ७४ गेले. राजकारणाशी या घटनेचा संबंध नाही. पण त्या वर्षी नॉर्वेतल्या एखाद्या खेडुताला 'यंदा काय घडलं?' विचारलं असतं तर त्याने आधी लोएनच सांगितलं असतं, असं मला वाटतं.

राजधानीत, म्हणजे तेव्हाच्या क्रिस्तियानियात (आजचं ऑस्लो), फेब्रुवारीत दुसरी पडझड झाली. कॉन्सुलबद्दल दोन्ही सरकारांची बोलणी बरीच पुढे गेली होती. पण स्वीडनचे पंतप्रधान बूस्ट्रम यांनी अशा अटी घातल्या की नॉर्वेचे कॉन्सुल शेवटी स्वीडिश परराष्ट्रमंत्र्याच्याच मुठीत राहावेत. नॉर्वेत या अटींना सरळ 'मांडलिकाची कलमं' असं नाव पडलं. बोलणी मोडली, नॉर्वेचं सरकार गेलं आणि मार्चमध्ये ख्रिश्चन मिकेल्सेन पंतप्रधान झाले.

हे मिकेल्सेन बर्गनचे जहाजमालक आणि वकील. भाषणबाजीत रस नसलेला, हिशेबी माणूस. दोन प्रकारचे लोक त्यांना सल्ले देत होते. काही म्हणत, निवडणूक घेऊ, कायदा पुन्हा पुन्हा संमत करू, घाई नको. इतर म्हणत, आता एक घाव दोन तुकडे. मिकेल्सेननी दुसरा रस्ता धरला, पण घाव असा घातला की तो समोरच्याच्या हातून बसल्यासारखा दिसावा.

डाव असा होता. मे महिन्यात स्टोर्टिंगने नॉर्वेचे स्वतंत्र कॉन्सुल नेमण्याचा कायदा एकमताने संमत केला आणि राजाच्या सहीसाठी स्टॉकहोमला पाठवला. राजा ऑस्कर दुसरा, वय ७६, सही करणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि सही नाकारण्याचा त्याला घटनेने अधिकारही होता! नॉर्वेच्या घटनेत राजाचा नकार कायमचा नव्हता. स्टोर्टिंगने तोच कायदा ठरावीक अंतराने तीनदा संमत केला की तो राजाच्या सहीविनाच लागू होई. म्हणजे राजा कायदा अडवू शकत नव्हता, लांबवू मात्र शकत होता. नुसत्या नकारावर बोंब मारली असती तर युरोपातल्या प्रत्येक कायदेपंडिताने राजाचीच बाजू घेतली असती.

म्हणून मेख दुसरीकडे मारली. नॉर्वेच्या कारभारात राजाच्या निर्णयावर मंत्र्याची प्रतिस्वाक्षरी लागे. २७ मे रोजी स्टॉकहोमच्या राजवाड्यात बैठक झाली. लोव्हलान यांच्यासह नॉर्वेचे तीन मंत्री हजर होते. राजाने नकार दिला. मंत्र्यांनी त्या नकारावर प्रतिस्वाक्षरी करायला नकार दिला आणि खिशातून संपूर्ण मंत्रिमंडळाचा राजीनामा काढून समोर ठेवला. आता राजापुढे वाट कोणती? राजीनामा घ्यायचा तर नवे मंत्री हवेत. स्टोर्टिंग एकमुखी विरोधात असताना नॉर्वेत असा एकही माणूस मिळाला नसता जो हे पद घेऊन घरी तोंड दाखवू शकला असता. ऑस्करला ते कळत होतं. तो म्हणाला त्याचा आशय असा: सध्या दुसरं सरकार बनवता येणार नाही हे मला स्पष्ट दिसतं, म्हणून मी राजीनामा स्वीकारत नाही.

म्हातारा राजा खरं बोलला, आणि तेच त्याला भोवलं. मिकेल्सेन याच वाक्याची वाट पाहत होते.

७ जून, बुधवार. स्टोर्टिंगच्या सभागृहात मंत्रिमंडळाने आपली पदं सोडल्याचं जाहीर केलं. अध्यक्ष कार्ल बर्नर यांनी ठराव वाचला आणि तो चर्चेविना एकमताने संमत झाला. त्यातला युक्तिवाद पायरी पायरीने असा उतरतो: सगळ्या मंत्र्यांनी पदं सोडली आहेत. देशाला सरकार देणं हे घटनात्मक राजाचं काम. राजाने स्वतःच सांगितलं की मला सरकार देता येत नाही. म्हणजे राजाचं राजेपणच थांबलं. तेव्हा स्टोर्टिंग याच मंत्र्यांना राजाचे अधिकार तात्पुरते वापरायला सांगत आहे. आणि मग त्याच वाक्याच्या शेपटीत, जाता जाता सांगावं तसं: राजा नॉर्वेचा राजा म्हणून कार्यरत न राहिल्यामुळे एका राजाखालचा स्वीडनशी संयोग विसर्जित झालेला असल्याने जे बदल आवश्यक ठरतात ते करून.

संपलं. 'आम्ही स्वतंत्र झालो' असं वाक्य ठरावात शोधून सापडत नाही. दोन देशांना बांधणारी गाठ म्हणजे राजा. गाठ आपोआप सुटली, आम्ही फक्त नोंद घेतली, असा तो पवित्रा.

कायद्याच्या कसोटीवर हे टिकतं का? माझं प्रामाणिक मत, नाही. राजाने पद सोडलं नव्हतं. त्याने राजीनामा नाकारला होता, म्हणजे त्याच्या लेखी जुनं मंत्रिमंडळ अजून पदावरच होतं. 'सध्या' सरकार बनत नाही याचा अर्थ 'कधीच' बनणार नाही असा होत नाही. आणि दोघांनी मिळून केलेला करार एकाला परस्पर मोडता येतो का, हा स्वीडनचा सवाल तर बिनतोड होता. पण हा युक्तिवाद न्यायालयासाठी रचलेलाच नव्हता. तो लंडन, बर्लिन आणि सेंट पीटर्सबर्गमधल्या वाचकांसाठी होता. १९०५ मध्ये रशियात क्रांतीचे भडके उडत होते. अशा वेळी युरोपच्या राजेलोकांना 'बंड' हा शब्द ऐकूही जाऊ नये, याची ही तजवीज होती.

याच बेताचा पुढचा भाग म्हणून स्टोर्टिंगने त्याच दिवशी ऑस्करला विनंती पाठवली की आपल्याच घराण्यातला एखादा राजपुत्र आम्हाला राजा म्हणून द्यावा. ज्याला सकाळी घालवलं त्याच्याकडेच संध्याकाळी मुलगा मागायचा! राजा याला हो म्हणेल असं फारसं कोणाला वाटत नव्हतं. पण आम्ही राजेशाहीच्या विरोधात नाही आणि स्वीडनशी आमचं वैर नाही, हे जगाला दाखवायला ही विनंती पुरेशी होती.

त्या दिवसांची एक आख्यायिका नॉर्वेत अजून सांगतात. थोर लेखक ब्यर्नसन यांनी मिकेल्सेनना तार केली: आता एकजुटीने राहण्याची वेळ आहे. मिकेल्सेननी उलट तार केली: आता तोंड बंद ठेवण्याची वेळ आहे. खरीखोटी देव जाणे, पण माणूस नेमका पकडला आहे.

९ जूनला क्रिस्तियानियाच्या आकेर्सहूस किल्ल्यावरून जोडचिन्हाचा झेंडा उतरला आणि साधा नॉर्वेचा झेंडा चढला.

स्वीडनमध्ये संतापाची लाट आली. वर्तमानपत्रांतून 'धडा शिकवा' अशी भाषा सुरू झाली. दुसरीकडे तिथल्या कामगार चळवळीने युद्धाला उघड विरोध केला. सेट हग्लुंड या तरुण समाजवाद्याने शस्त्रं खाली ठेवा असं पत्रक काढलं आणि त्यासाठी तुरुंगवास पत्करला. खास बोलावलेल्या संसदेने शेवटी मधला मार्ग काढला: वेगळं व्हायचं तर व्हा, पण आमच्या अटींवर. पहिली अट, हे सारं राजकारण्यांचं कारस्थान नसून जनतेची इच्छा आहे हे मतदानाने किंवा नव्या निवडणुकीने सिद्ध करा. दुसरी, सरहद्दीवरचे किल्ले पाडा. काहीही झालं तरी आधी विनंती करा, परस्पर निर्णय चालणार नाही.

मिकेल्सेन इथंही एक पाऊल पुढे राहिले. स्वीडनची ही मागणी रीतसर येऊन धडकायच्या आत त्यांनी स्वतःच सार्वमत जाहीर केलं. मागणीपुढे वाकल्याचं दिसायला नको. आणि वर सांगितलं तसा प्रश्नही 'झालेल्या' फारकतीबद्दल विचारला. दोन-अडीच आठवड्यांत देशभर मतदान उरकलं. मतदान ८५ टक्क्यांच्या घरात गेलं.

हे आकडे पुरुषांचे. बायकांना मत नव्हतं. महिला मताधिकार संघटनेने सरकारकडे मत देऊ देण्याची मागणी केली. ती फेटाळली गेली. मग त्यांनी गावोगाव फिरून सह्या गोळा केल्या आणि काही दिवसांत २,४४,००० हून अधिक बायकांच्या सह्यांचा गठ्ठा स्टोर्टिंगच्या अध्यक्षांकडे पोचवला. तिथे त्यांचं कौतुक झालं. पण ज्यांना देशाच्या भवितव्यावर सही करता येते त्यांना मत का देता येऊ नये, हा सवाल त्या गठ्ठ्यासोबत आत शिरला होता. १९०७ मध्ये ठरावीक उत्पन्नाच्या बायकांना आणि १९१३ मध्ये सर्व बायकांना संसदेसाठी मताधिकार मिळाला. पुरुषांच्या ३,६८,२०८ पेक्षा मला या सह्यांचं जास्त अप्रूप वाटतं.

सगळ्यात अवघड टप्पा अजून बाकी होता. ३१ ऑगस्टला स्वीडनमधल्या कार्लस्टाड शहरात, फ्रीमेसन संघटनेच्या इमारतीत, दोन्ही बाजूंचे चार-चार माणसं बंद दाराआड बसली. नॉर्वेकडून मिकेल्सेन, लोव्हलान, बर्नर आणि फोग्ट. स्वीडनकडून नवे पंतप्रधान लुंडेबर्ग आणि त्यांचे तीन सहकारी. त्यातले एक यालमार हामरशोल्ड. यांच्या घरी महिन्यापूर्वीच, २९ जुलैला, चौथा मुलगा झाला होता. तो डाग हामरशोल्ड पुढे संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस झाला.

वाद किल्ल्यांवर अडला. स्वीडनचं म्हणणं, शांतता हवी तर तोफा कोणासाठी रोखल्यात? नॉर्वेचं म्हणणं, किल्ले पाडून निःशस्त्र झाल्यावर तुमच्या शब्दावर विसंबायचं? त्यातही दोन किल्ले जुने आणि मानाचे होते: कोंग्सव्हिंगर आणि फ्रेड्रिक्स्टेन. यातल्या फ्रेड्रिक्स्टेनला वेढा घालून बसलेला स्वीडनचा राजा कार्ल बारावा १७१८ मध्ये तिथेच गोळी लागून मेला होता. स्वीडनच्या मागणीवरून हा किल्ला पाडायचा म्हणजे नॉर्वेच्या सामान्य माणसाने पोटात गोळा घेऊन झोपायचं.

७ सप्टेंबरला बोलणी थांबली. पुढचे काही दिवस खरे धोक्याचे. दोन्हीकडे सैन्य हललं. नॉर्वेने १३ सप्टेंबरला अंशतः युद्धसज्जता जाहीर केली आणि हजारो तरुण सरहद्दीकडे निघाले. मोठ्या सत्तांनी दोन्ही राजधान्यांना सबुरीचा सल्ला दिला. त्याच दिवशी कार्लस्टाडला पुन्हा टेबल मांडलं गेलं, आणि २३ सप्टेंबरला सगळं ठरलं: नवे किल्ले पाडायचे, जुने दोन राहू द्यायचे पण त्यांची नव्याने भर घातलेली तटबंदी काढायची किंवा पुढे वाढवायची नाही. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना एक पट्टा निर्लष्करी ठेवायचा. पुढचे तंटे हेगच्या लवाद न्यायालयापुढे न्यायचे.

नॉर्वेत अनेकांना ही शरणागती वाटली. 'दहा वर्षं पोटाला चिमटा घेऊन बांधलेले किल्ले शत्रूच्या सांगण्यावरून पाडायचे?' ९ ऑक्टोबरला स्टोर्टिंगमध्ये करारावर मतदान झालं तेव्हा ७ जूनची एकवाक्यता नव्हती. १०१ विरुद्ध १६. मला विचाराल तर खरी हिंमत त्या दिवशी लागली. ७ जूनला हात वर करायला काय लागत होतं? सगळी गॅलरी टाळ्या वाजवायला बसली होती. किल्ले पाडायला हो म्हणणाऱ्याला घरी जाऊन शिव्या खायच्या होत्या.

२६ ऑक्टोबरला ऑस्करने नॉर्वेच्या सिंहासनावरचा हक्क सोडला आणि आपल्या घराण्यातला राजपुत्र द्यायलाही नकार दिला. राजा म्हणून त्याचं ब्रीद होतं, 'बंधुजनांचं कल्याण'. ते बदलून त्याने 'स्वीडनचं कल्याण' केलं. ३० ऑक्टोबरला रशियाने सर्वांत आधी नव्या नॉर्वेला मान्यता दिली.

आता राजा आणायचा कुठून? प्रजासत्ताक हवं म्हणणारे होते, आणि ते काही वेडे नव्हते. पण तेव्हाच्या युरोपात फ्रान्स आणि स्वित्झर्लंड सोडले तर नाव घेण्याजोगं प्रजासत्ताक नव्हतं. नव्या देशाला ओळखीपाळखीची गरज होती. सरकारची नजर डेन्मार्कच्या राजपुत्र कार्लवर होती. ३३ वर्षांचा नौदल अधिकारी. बायको मॉड ही इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याची मुलगी, म्हणजे एका लग्नपत्रिकेत ब्रिटनचं आरमार पाठीशी. घरात दोन वर्षांचा मुलगा, म्हणजे वारसाची चिंता मिटली. आणि कार्लची आई स्वीडनच्या राजघराण्यातली, ऑस्करची सख्खी पुतणी. त्यामुळे स्टॉकहोमचाही फार जळफळाट व्हायला नको. ध्रुवीय प्रदेशाचा जगप्रसिद्ध संशोधक फ्रित्योफ नान्सेन या कामासाठी कोपनहेगनला फेऱ्या मारत होता.

मात्र कार्लने एक अट घातली आणि नॉर्वेच्या सरकारला घाम फुटला. लोकांना विचारा, मगच येतो. प्रजासत्ताकवाले आहेत हे त्याच्या कानावर होतं, आणि मूठभर पुढाऱ्यांच्या बोलावण्यावर जाऊन उद्या परत फिरायची त्याची तयारी नव्हती. वर्षात दुसरं सार्वमत घ्यावं लागलं. १२ आणि १३ नोव्हेंबरला २,५९,५६३ मतं राजपुत्राच्या बाजूने पडली, ६९,२६४ विरुद्ध. १८ तारखेला स्टोर्टिंगने त्याची रीतसर निवड केली. त्याने जुन्या नॉर्वेजियन राजांची आठवण देणारं हाकोन हे नाव घेतलं आणि सातवा हाकोन झाला. पोराचं अलेक्झांडर नाव बदलून ओलाव्ह ठेवलं.

२५ नोव्हेंबरला बर्फ पडत असताना ही मंडळी समुद्रमार्गे आली. हाइमडाल या नॉर्वेच्या नौकेवर मिकेल्सेन स्वागताला उभे होते. त्या दिवसाचं छायाचित्र प्रसिद्ध आहे: उंच, सडपातळ राजा, आणि त्याच्या कडेवर गरम कपड्यांत गुंडाळलेलं पोर. हेच पोर १९५७ मध्ये पाचवा ओलाव्ह म्हणून गादीवर आलं.

इकडे हे सगळं चाललेलं असताना रोआल्ड आमुंडसेन उत्तर कॅनडाच्या बर्फात होता. योआ या छोट्या बोटीतून त्याने त्या ऑगस्टमध्ये वायव्य मार्ग पार केला. शतकानुशतकं ज्याच्या शोधात जहाजं बुडाली तो सागरी मार्ग. पण कळवणार कसं? डिसेंबरमध्ये तो कुत्र्यांच्या घसरगाडीने अलास्कातल्या ईगल या ठाण्यावर पोचला आणि तिथून तार केली. १९०३ मध्ये तो ज्या देशातून निघाला होता त्याचा राजा स्टॉकहोमला बसत होता. तार पोचली तेव्हा राजा बदललेला होता.

२ डिसेंबरला नॉर्स्क हिद्रो ही कंपनी स्थापन झाली. भौतिकशास्त्रज्ञ बिर्केलान आणि अभियंता साम आयडे यांनी धबधब्यांच्या विजेतून प्रचंड ठिणगी पाडून हवेतला नायट्रोजन पकडायची युक्ती काढली होती. त्यातून कॅल्शियम नायट्रेट हे खत बनत असे. भांडवल कुठलं? बरंचसं फ्रेंच बँकेचं, आणि स्वीडनच्या वॉलेनबर्ग घराण्याचं. संसद किल्ले पाडण्यावर भांडत होती त्याच शरद ऋतूत स्टॉकहोमचे सावकार नॉर्वेच्या धबधब्यांत पैसा ओतत होते. याच कंपनीचा खतांचा धंदा २००४ मध्ये वेगळा होऊन 'यारा' झाला, आणि नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला त्या नावाची कॅल्शियम नायट्रेटची गोणी ओळखीची असते.

नोबेलचा घोळही याच संयोगाचा. आल्फ्रेड नोबेलने १८९५ मध्ये मृत्युपत्र केलं तेव्हा दोन्ही देश एका राजाखाली होते. बाकीची पारितोषिकं त्याने स्वीडिश संस्थांकडे सोपवली, शांततेचं मात्र स्टोर्टिंगने नेमलेल्या समितीकडे. संयोग मोडला तरी मृत्युपत्र मोडलं नाही. १९०५ चं शांतता पारितोषिक बर्था फॉन झुट्नर या युद्धविरोधी लेखिकेला मिळालं.

आता ज्यांचं नाव या सगळ्या गोष्टीत क्वचितच येतं त्यांच्याबद्दल. उत्तरेकडचे सामी लोक रेनडियरचे कळप घेऊन हिवाळ्यात स्वीडनच्या बाजूला आणि उन्हाळ्यात नॉर्वेच्या किनाऱ्याकडे जात. सरहद्द आखली गेली तेव्हा, १७५१ च्या करारातच, त्यांचा हा ये-जा करण्याचा हक्क लिहून ठेवला होता. एका राजाखाली दोन्ही देश असताना त्यात कुरबुरी होत, पण वाट बंद नव्हती. कार्लस्टाडच्या टेबलावर किल्ले आणि पट्टे यांच्याबरोबर रेनडियरच्या चराईचा विषयही होता. त्यावर करारही झाला, पण चर्चेला सामींपैकी कोणी नव्हतं. पुढे १९१९ च्या करारात नॉर्वेत येऊ शकणाऱ्या कळपांवर मोठी कपात आली आणि उत्तरेकडच्या अनेक सामी कुटुंबांना स्वीडनने दक्षिणेला, परक्या रानात, हलवलं. १९७२ चा चराई करार २००५ मध्ये, फारकतीच्या शंभराव्या वर्षी, संपला आणि त्यानंतर बरीच वर्षं दोन्ही देशांत नवा करार लागू झाला नाही. २०२१ मध्ये स्वीडनच्या बाजूच्या सारिव्हुओमा या सामी समूहाने नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयात आपला जुना चराईचा हक्क सिद्ध करून दाखवला.